नव्या पेशींसाठी रोज नवा रस्ता

माणसाचा मेंदू शेवटच्या श्वासापर्यंत स्वतःला नव्याने घडवत असतो. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा व्यासपीठावर पाच मान्यवर बसले होते आणि त्यांतले दोघे झोपले होते.

ज्येष्ठ नागरिकांचा मेळावा होता, भिवंडीतल्याच एका मंगल कार्यालयात. समई लावायला सात जण पुढे झाले, मेणबत्ती एकच होती आणि वरचा पंखा कुणी बंद केला नव्हता, त्यामुळे ज्ञानाचा प्रकाश पसरायला अंमळ उशीर झाला. अध्यक्षांनी प्रास्ताविकाला चाळीस मिनिटं घेतली आणि मग ठाण्याहून आलेल्या मेंदूच्या डॉक्टरांना वेळेअभावी थोडक्यात बोलायची विनंती केली. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. मेंदूत खोलवर एक वळलेला तुकडा असतो, हिप्पोकॅम्पस; नव्या आठवणी आणि रस्ते यांचा कारभार त्याच्याकडे. पूर्वी समजूत होती की मोठ्या माणसाच्या मेंदूत नवी पेशी होत नाही. ते म्हणाले, होते. सत्तरीतही होते. फक्त तिला काम द्या. चाला, नवं काही शिका, रोज वेगळ्या रस्त्याने घरी जा. टाळ्या वाजल्या आणि त्या आवाजाने ते दोघे जागे झाले.

एरवी असल्या भाषणाची मी घरी पोहोचेपर्यंत चटणी केली असती. शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. मेंदूतल्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत, हे वाक्य मी इतक्या वर्गांना लिहून दिलंय की ते खोटं ठरलं तर दिलेले मार्क परत घ्यायला अर्धी भिवंडी पालथी घालावी लागेल. पण त्या संध्याकाळी मी गप्प होतो. डॉक्टर बोलत असताना शेजारी बसलेल्या बायकोने मला दोनदा विचारलं होतं, भाषण कधी सुरू होणार म्हणून.

आठ-दहा महिने हे चाललं होतं. दूध उतू जाणं हा काही आजार नव्हे, पण आमच्याकडे ते ती गॅससमोर उभी असताना जायचं. नात्यातल्या एका लग्नाला जेवून आलो आणि आठवड्याने तिने विचारलं, आहेर काय करायचा. एकदा आमच्याच इमारतीच्या खाली ती पिशवी घेऊन उभी दिसली. कुणाची वाट बघतेस, म्हटलं. ती म्हणाली, कुणाची न्हाय. माहेरची बोली तिच्या तोंडात राग आला किंवा भीती वाटली की येते. त्या दिवशी ती रागावलेली नव्हती.

माहेर मानकोलीचं. तिच्या वडिलांची खाडीकडची भातशेती होती. आता तिथे गोडाऊनं आहेत आणि त्यांचं भाडं तिच्या धाकट्या भावाला येतं. माणूस प्रेमळ. पांढरे कपडे, पांढरी गाडी, घराला अकरा कॅमेरे. बहिणीचं काहीतरी बिनसतंय हे त्याच्या लक्षात आलं होतं आणि तो दर भेटीत तेच म्हणायचा, "भावजी, ताईला आमच्याकडं ठेवा. बाया हायेत कामाला, गेटवर वॉचमन हाय. गेटच्या बाहेर पाय टाकायची गरज न्हाय."

"एवढी गोडाऊनं बांधलीस," ती एकदा म्हणाली, "एकावर माझं नाव घाल, तिथंच ठेव."

तो हसला, पण त्याने वरच्या मजल्यावरची एक खोली रिकामी करायला घेतली होती, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. एकदा त्या गेटच्या आत गेली की ती पुन्हा एकटी रस्त्यावर येणार नव्हती. ज्या बाईने आयुष्यभर भाजी, दळण, दवाखाना, बँक सगळं स्वतः पायी केलं, तिला ती खोली म्हणजे काय वाटत होतं ते मला सांगायची गरज नाही. म्हणून तिच्या चुका मी झाकत होतो. आणि म्हणूनच, झाकण्यापलीकडे काहीतरी करता येईल असं एका डॉक्टराने माइकवरून सांगितल्यावर, मी चटणी केली नाही.

घरी येऊन मी वाचायला बसलो. जितकं वाचलं तितकी पंचाईत वाढली. कुणी म्हणतात मोठ्या माणसाच्या मेंदूत नव्या पेशी होतात. कुणी म्हणतात लहानपणीच हे संपतं, आणि नव्या म्हणून दाखवतात त्या दुसऱ्याच पेशी असतात. दोन्हीकडे मोठी माणसं. उंदरांबद्दल मात्र फारसा वाद नाही. पिंजऱ्यात फिरायला चाक दिलं, वस्तू बदलत ठेवल्या, की उंदराच्या मेंदूत नव्या पेशी वाढतात. हे मी तिला सांगितलं.

"म्हणजे मी उंदीर."

"तसं नाही. तत्त्व सांगतोय."

"आणि चाक कोण, तुम्ही?"

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या थाटामाटाला हसत आलोय. पण त्या रात्री मी एक दोनशे पानी वही काढली, पट्टीने समास आखले आणि वर लाल शाईने लिहिलं, मार्ग क्रमांक एक. नियमही ठरवले. रोज सकाळी दहाला निघायचं. रस्ता मी ठरवणार, रोज नवा, आणि रोज आदल्या दिवशीपेक्षा अवघड. सोबत कुणी नाही, कारण सोबत असली की मेंदू दुसऱ्यावर रेलतो. मोबाईल घरी, कारण तो रस्ता सांगतो. तासाभरात परत यायचं आणि गेलेल्या रस्त्याचा नकाशा वहीत काढायचा. तिने हे सगळं ऐकून घेतलं. मानकोलीची खोली तिच्याही डोक्यात होती, नाहीतर वही माझ्याच डोक्यात घातली असती.

शनिवारी सुरुवात केली. ती रोज वेळेत परत यायची. नकाशे मात्र विचित्र होते. त्यांत दुकान नाही, देऊळ नाही, मशीद नाही, साधी पानाची टपरीही नाही. नुसत्या रेघा. काही केसासारख्या बारीक, काही इतक्या दाबून काढलेल्या की खालच्या पानावर उमटलेल्या. औषधाचं दुकान कुठे गेलं, मी विचारलं. "असंल की तिथंच," ती म्हणाली. मी समासात लाल पेनाने शेरा मारला, खुणा दाखवा. चौथ्या दिवशी माझी खात्री झाली की तिला रस्त्यातलं काहीच लक्षात राहत नाही. हे मी वहीत लिहिलं नाही. वेळेत परत आली, एवढंच लिहिलं. संशोधनात सोयीचं तेवढं टिपून ठेवायची खोड कशी लागते ते मला तेव्हा कळलं.

सातवा मार्ग सगळ्यांत अवघड होता. कल्याणकडे जाणारा मोठा रस्ता ओलांडायचा, पलीकडच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गल्ल्यांत शिरायचं, पाच वळणं घेऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचं. मी कागदावर लिहून दिलेलं तिने वाचलं, घडी घालून पाकिटात ठेवलं आणि दाराशी थांबली.

"आज जाऊ नये वाटतंय."

का, मी विचारलं. ती म्हणाली, तसंच. नेमकं कारण तिला सांगता येईना. मी म्हणालो, पेशींना सुट्टी नसते. ती गेली.

अकरा वाजले. सव्वाअकराला मी खिडकीत उभा राहिलो. साडेअकराला सवयीने तिच्या मोबाईलवर फोन लावला आणि तो आमच्याच फ्रिजवर वाजला. वाजतच राहिला. कट करायचं मला सुचेना.

स्कूटर काढली. सातवा मार्ग मी दोनदा फिरलो, वही मांडीवर ठेवून. शुक्रवार होता. शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद असतात. एरवी खटखटाटाने ज्या गल्लीत शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, तिथे कामगार बाजा टाकून पडले होते, कुणी लुंग्या धूत होता, कुणी दाढी करवून घेत होता. मला ते सोयीचं वाटलं. शांतता आहे, विचारायला बरं. त्या शांततेबद्दल माझ्या डोक्यात एवढंच आलं.

हिरवी साडी, स्टीलच्या काड्यांचा चष्मा, अशी बाई पाहिली का? एक म्हणाला या बाजूला गेली, दुसरा म्हणाला त्या बाजूला. रस्ता विचारणाऱ्याला नाही म्हणणं आमच्या गावात असभ्य समजतात. मी दोन्ही बाजूंना गेलो. ऊन चढलं होतं. मधुमेहाची गोळी तिने नाश्त्यानंतर घेतली होती आणि तिच्याजवळ पाणी नव्हतं, कारण पाण्याचा नियम मी केलाच नव्हता. एका गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता दिसला. कंटेनर एकामागून एक चालले होते आणि कुणी कुणासाठी थांबत नव्हतं. मी तिथे उभा राहून रस्त्याच्या दोन्ही कडा बघितल्या. कशासाठी बघतोय ते स्वतःला सांगितलं नाही.

तिच्या भावाला फोन करायला हवा हे मला बारा वाजताच समजलं होतं. मी साडेबाराला केला. त्या अर्ध्या तासात मी तिच्यासाठी शोधत होतो की माझी फजिती लपवायला, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

तो पंचवीस मिनिटांत आला. येईपर्यंत त्याने ओळखीच्या दोन नगरसेवकांना फोन केले होते आणि सगळ्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला होता. हाताशी सापडलेला फोटो त्याच्या वास्तुशांतीचा होता, हातात पुष्पगुच्छ असलेला. निम्म्या लोकांनी खालचा मजकूर न वाचता अभिनंदन केलं.

"फोन कुठंय तिचा?"

"घरी."

"विसरली?"

"नाही. मीच ठेवायला सांगितलेला."

त्याने माझ्या हातातली वही घेतली. मार्ग क्रमांक सात वाचलं, मागची पानं उलटली, लाल शेरे बघितले. मग वही परत दिली. "मास्तर हायेत तुम्ही," तो म्हणाला, "म्हणून बोलत न्हाय." यापेक्षा तो बोलला असता तर बरं झालं असतं.

जुम्म्याची नमाज सुरू व्हायची वेळ होती. मशिदीसमोरचा रस्ता भरला, त्याची गाडी अडकली, माझी स्कूटरही. आम्ही दोघे एका बंद शटरशेजारी उभे राहिलो. शेकडो माणसं एकदम वाकत होती, एकदम उठत होती, आणि आम्हाला पुढेही जाता येत नव्हतं, मागेही. तो मान खाली घालून उभा होता. त्याच्या पांढऱ्या बुटांवर चिखल उडालेला होता आणि त्याने तो पुसला नव्हता. मी त्याला ओळखतो त्याला चाळीसाहून जास्त वर्षं झाली. हे मी पहिल्यांदा बघत होतो.

नमाज संपल्यावर चटई गुंडाळणाऱ्या एका वयस्क माणसाला मी विचारलं. तो थांबला. हिरवी साडी? हो, दिसली होती, तासाभरापूर्वी, पलीकडच्या गल्लीत. "बंद शटर को कान लगाके खड़ी थीं," तो म्हणाला. "एक से हटीं तो दूसरे को लगाया। हम समझे कि..." माझा मेहुणा गटाराच्या कठड्यावर बसला.

तो माणूस आम्हाला घेऊन निघाला. दोन गल्ल्या, एक बोळ. बोळाच्या टोकाला एका गाळ्याचं शटर अर्धं वर होतं आणि आत एकच लूम चालू होता. बाकीचे अकरा बंद. कुणाचा तरी माल संध्याकाळी जायचा होता म्हणून एक कामगार सुट्टीच्या दिवशीही थांबला होता. दाराजवळच्या कापडाच्या ढिगावर माझी बायको बसली होती. समोर चहाचा रिकामा ग्लास.

कामगाराने लूम थांबवला. "चाचा, अम्मा घंटे भर से बैठी हैं। हमने घर पूछा तो बोलीं, कल बताऊँगी।"

मेहुण्याने माझ्याकडे बघितलं. आता आणखी काय ऐकायचं राहिलंय, अशा नजरेने.

"बंद कशाला केलास," ती कामगाराला म्हणाली, "चालू दे."

मग तिने जे सांगितलं ते तुटक सांगितलं, आणि मला ते ऐकायला चव्वेचाळीस वर्षं लागली होती. लग्न होऊन आली तेव्हा आम्ही लूमला लागून असलेल्या एका चाळीत राहत होतो. मानकोलीच्या मोकळ्या शेतातून आलेल्या मुलीला इथल्या गल्ल्या सगळ्या सारख्याच दिसायच्या, आणि पाट्या निम्म्या उर्दूत. ती कानाने रस्ते शिकली. मोठ्या कारखान्याचा आवाज उजव्या कानाला ठेवायचा. तो मागे पडला की डावीकडे वळायचं. आमच्या घराजवळच्या कोपऱ्यावर एक लूम लंगडतो, तीन ठोके बरोबर आणि चौथा उशिरा. तो ऐकू आला की घर आलं. चाळ सुटली, इमारत आली, रस्त्यांना नवी दुकानं आली. दुकानांकडे तिने कधी लक्षच दिलं नव्हतं. वहीतल्या जाड रेघा म्हणजे जास्त लूम, बारीक म्हणजे कमी. मी त्यांवर खुणा दाखवा असं लिहीत होतो.

शुक्रवारी ती कधीच एकटी बाहेर पडत नसे. हे मला माहीत होतं. देवीचा काही नेम असेल असं मी धरून चाललो होतो; विचारलं नव्हतं.

"आवाजच न्हाय कुठं," ती म्हणाली. "मग वळायचं कुठं? अजान झाली, पण ती चारी बाजूंनी. शटरला कान लावून बघितलं, आत कोण चालवतंय का. हा एकटा सापडला. मग बसले इथंच. उद्या सगळे चालू झाले असते की."

मला एवढं हलकं वाटलं की मी हसलो. मेहुणा हसला नाही. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"ताई, शुक्रवार हाय, हे सकाळी तुला माहीत नव्हतं?"

कामगाराने पुन्हा चालू केलेल्या लूमकडे तिने मान वळवली.

"आख्खा जन्म शुक्रवारी भायेर गेली न्हाईस. आज कशी गेलीस?"

लूम चालू होता म्हणून बरं. ती त्याच्याकडेच बघत राहिली. जाऊ नये असं तिला वाटलं होतं. का वाटतंय, ते आठवलं नव्हतं. सांगायला तिच्याकडे काही नव्हतं आणि तिच्या बाजूने सांगायला माझ्याकडेही नव्हतं.

गाडीत बसताना मेहुणा म्हणाला, उद्या कपडे भरा, मी न्यायला येतो. ती म्हणाली, "तू काय डाक्टर हायेस? त्याला विचार. तो म्हणाला तर येते." तो कबूल झाला. मीही झालो. नाही म्हणण्याइतकं माझं वजन त्या दिवशी उरलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघे ठाण्याला त्याच डॉक्टरांकडे गेलो. मेहुण्याने मानकोलीच्या खोलीच्या न्हाणीघरात धरायला दांड्या बसवून घेतल्याचं वाटेत सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

डॉक्टरांनी तिला तीन शब्द सांगितले आणि लक्षात ठेवायला सांगितलं. वार विचारला, बरोबर आला. शंभरातून सात-सात वजा करत जायला लावलं, ते तिने माझ्या मेहुण्याच्या आधी केलं. तो बोटं मोजत मागे राहिला. घड्याळ काढलं, काटे बरोबर. मग ते तीन शब्द विचारले. तिला एक आठवला. दुसऱ्यासाठी ती बराच वेळ थांबली. खोलीत एसीचा आवाज सोडला तर काही नव्हतं. मी शब्द मनात घोकत होतो, जणू माझ्या डोक्यातून तिच्या डोक्यात जातील. "न्हाय येत," ती शेवटी म्हणाली.

नाक्यावरून घरी कसं जाता, डॉक्टरांनी विचारलं. तिने सांगितलं. मोठा कारखाना, उजवा कान, बंद पडलेला गाळा, तिथे जरा वेळ काहीच नाही, मग लंगडा लूम. डॉक्टर फॉर्मवर जागा शोधत राहिले आणि शेवटी त्यांनी कागद उलटा करून मागे लिहिलं. मग स्कॅन उजेडावर धरून बघितला. इकडची फिल्म तिकडे केली. मेहुण्याने हाताची घडी घातली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, मी तिच्याकडे बघत नव्हतो.

ते म्हणाले, सुरुवात आहे. नाकारण्यात अर्थ नाही. औषध द्यावं लागेल. पण कोंडून ठेवण्यासारखं काही नाही. घरात बसवलं तर ती लवकर खालावेल. तिला चालू द्या, ओळखीच्या रस्त्यांनी, फोन जवळ ठेवून. आणि शुक्रवारी सोबत हवी. सहा महिन्यांनी पुन्हा बघू.

तिने पदर सारखा केला. तेवढंच. मेहुणा मात्र आतून हललेला होता. त्याला निकाल पटला नव्हता आणि त्याने शब्द दिलेला होता. काहीतरी मोजता येण्यासारखं हाती घेऊन जावं, सहा महिन्यांनी ते ताडून बघावं, असं त्याला वाटलं असणार.

"डाक्टर, भाषणात तुम्ही नवीन पेशी म्हणालेले. हिच्यात किती झाल्या ते लिहून द्या."

डॉक्टरांसमोर आता माइक नव्हता. ते जरा हळू बोलले. स्कॅनमध्ये नव्या पेशी दिसत नाहीत. रक्तातही कळत नाहीत.

"मग मोजतात कशा?"

मेंदूचे पातळ काप घेतात, ते म्हणाले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

"मग करून टाका ना. आलोच हाय तर."

डॉक्टर म्हणाले, त्यासाठी पेशंट आधी वारलेला असावा लागतो.